करडा स्विच आणि इंद्रपुरीचं स्थळ

मी संशयी आहे असं माझी बायको मंगला चारचौघांत सांगते. सांगू दे. महामंडळाच्या खरेदी समितीवर बसणारा माणूस संशयी नसेल, तर एक तर तो भोळसट असतो नाहीतर लाचखाऊ. मी दोन्ही नाही. दिवाळीला कंपन्यांचे सुक्या मेव्याचे डबे येतात, ते मी गेटवरूनच परत पाठवतो. एकाने नुसतं कॅलेंडर आणून दिलं होतं, तेही नाही ठेवलं.

यंदा आमच्या भोपाळच्या मुख्य कार्यालयापासून जिल्ह्यांतल्या शाखांपर्यंत सगळे नेटवर्क स्विच बदलायचे होते. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली ज्या चपट्या डब्यात येऊन मिळतात, तो डबा. तो बंद पडला की अख्खं ऑफिस बसतं आणि लोक माझ्या नावाने शिमगा करतात. निविदा आल्या, चाळणी लागली, शेवटी दोन कंपन्या उरल्या. एकीचा डबा निळा, दुसरीचा करडा. कंपन्यांची नावं मी घरीसुद्धा घेत नसे, म्हणून निळा आणि करडा.

दोन्ही नमुने आमच्या सर्व्हर रूममध्ये शेजारी शेजारी लावले आणि दोघांवर सारखा भार टाकला. निळा कागदावर वेगवान होता. पण ऐन मे महिन्यात एसी बंद पडला, आमच्याकडे तो पडतोच, आणि निळ्याने तापून मान टाकली. करडा चालत राहिला. शिवाय करड्याला दोन पॉवर सप्लाय, एक गेला तरी दुसरा सांभाळून घेतो. निळ्याचं लायसन्स दरवर्षी नवं घ्यायचं, म्हणजे जन्माची कटकट. माझ्या हाताखालचा अधिकारी अशोक तिवारी मात्र सारखा म्हणायचा, "सर, नीलावाला तेज़ है." का बुवा म्हणतो हा असं? त्याच्यावरही माझा डोळा होता. माझं मन करड्यावर बसलं होतं. अहवाल लिहून सही करायची तेवढी राहिली होती.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या मुलीला, अबोलीला, स्थळ आलं.

"इथल्याच इंद्रपुरीचे वझलवार आहेत," मंगला जेवताना म्हणाली. "वडील काशिनाथराव, कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेत. मुलगा मंदार. आपल्या मराठी मंडळातल्या विजयाताईंनी आणलंय."

"मुलगा करतो काय?"

"कुठल्याशा नेटवर्कच्या कंपनीत आहे."

"कुठल्याशा म्हणजे कुठल्या?"

तिने नाव सांगितलं. करड्याची कंपनी. माझा घास हातातच राहिला.

"अगं, आत्ताच बरं सुचलं यांना?" मी म्हणालो. "निविदा माझ्या टेबलावर, आणि स्थळ माझ्या दारात?"

"झालं का तुमचं सुरू! मराठी मुलं भोपाळात आहेत किती, आणि त्यातली लग्नाची किती? तुमच्या डब्यांसाठी कोणी मुलगा देत नाही हो."

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

वझलवार मंडळी घरी आली. आता ऐका. ज्याच्या कंपनीचा डबा माझ्या सर्व्हर रूममध्ये चालू आहे, तो मुलगा माझ्यासमोर बसून पोहे खातो आणि कामाबद्दल चकार शब्द काढत नाही! मी मुद्दाम विचारलं, "काय बघतोस तू कंपनीत?"

"सध्या इंदूरचं काम आहे, काका."

"भोपाळचं नाही?"

"सध्या नाही," तो म्हणाला आणि बापाकडे बघितलं. बापाने चहाच्या कपात बघितलं. शिकवून आणलेलं दिसतंय, मी मनात म्हटलं. काशिनाथराव पत्रिकेवर विश्वास नाही म्हणाले, देण्याघेण्याचं नावही काढू नका म्हणाले. इतकं गोड कोणी बोलायला लागलं की मला घाम फुटतो.

अबोली फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत तिचं एकच उत्तर असायचं, "बघू." कितीतरी स्थळं या 'बघू'त बुडाली. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला आवडलाय तो. मी त्याच्याशी आधी दोनदा बोललेय पण. सरळ आहे." तिचा चेहरा इतका खुलला होता की मला भडभडून आलं. आणि लगेच भीतीही वाटली. ही जर डब्यापायी फसली तर?

मंगलाने रात्रीचं आवरता आवरता साधा उपाय सांगितला. "ऑफिसात सांगून टाका ना, त्या कंपनीतल्या मुलाचं स्थळ आलंय, मी समितीतून बाजूला होतो. विषय संपला."

"आणि तो अशोक निळा घेऊन बसेल त्याचं काय?"

"मग बसू दे."

"वा! आणि इकडे हे लोक खरे की खोटे, ते कसं कळणार?"

"विचारा त्यांना."

विचारा! चोराला विचारून कोणी चोर पकडतं का? मी माझी युक्ती काढली. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती.

रविवारी मंडळात कार्यक्रम होता. तो संपल्यावर चपला शोधता शोधता मी विजयाताईंना गाठलं. "ताई, तुमच्या वझलवारांच्या कानावर घाला," मी आवाज उतरवून म्हणालो, "मुलाच्या कंपनीचं काम आमच्याकडे झाल्यातच जमा आहे म्हणावं."

माझा हिशेब सरळ होता. यांना डबे खपवायचे असतील, तर निरोप मिळताच हे साखरपुड्याची घाई करतील, म्हणजे मासा गळाला लागला. हे खरे असतील, तर निरोप कानाआड करतील आणि पुढचं बोलतील. विजयाताई आधी माझ्याकडे बघतच राहिल्या, मग त्यांचे डोळे चमकले. "अगं बाई! सांगते हो, आजच सांगते," म्हणाल्या आणि माझ्या दंडावर थोपटून गेल्या. त्या थोपटण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आठवडा उलटायच्या आत नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणे! पत्रिकेवर विश्वास नसणाऱ्यांची पत्रिका!

"बघितलंस?" मी मंगलाला म्हणालो. "काम झाल्याचं कळलं, आता मुलगी कशाला हवी? अगं, लबाड आहेत लबाड! बरं झालं वेळेवर कळलं."

अबोली न्हाणीघरात गेली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मग जेवणाचा डबा न घेताच कामाला गेली. माझं काळीज तुटलं, आणि रागाने डोकं फिरलं. माझ्या मुलीला शिडी करता? थांबा.

ऑफिसात जाऊन मी अशोकला बोलावलं. "नीला लिखो," मी म्हणालो. "नीलावाला फाइनल करो."

अशोक उभाच राहिला. "सर, पर वो तो गरम होता है. मैंने ख़ुद टेस्ट देखा है. ग्रे वाला ही ठीक है."

घ्या! कालपर्यंत निळ्याची आरती ओवाळणारा आज करड्याचा झाला. याला कोणी गाठलं? मी त्याच्याकडे असा काही बघितलं की तो बिचारा "जैसा आप कहें" म्हणून बाहेर गेला. मला काही सही करवेना. दुपारी मी तसाच गाडी काढून इंद्रपुरीला गेलो. त्या माणसाला तोंडावर विचारल्याशिवाय मला झोप लागली नसती.

काशिनाथराव घरी एकटेच होते. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले नाहीत. मीही बसलो नाही.

"काम झाल्याचं कळलं आणि पत्रिका बिघडली?" मी म्हणालो. "लाज नाही वाटली?"

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "गजाननराव, आम्ही हुंडा घेत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हुंडा? कोणी दिला हुंडा?"

"तुम्ही. लग्नाची बोलणी चालू असताना मुलीच्या बापाचा निरोप मधल्या माणसाकडून येतो, तो कशाचा असतो? देण्याघेण्याचाच ना? कोणी सोनं म्हणतं, कोणी गाडी म्हणतं. तुम्ही सरकारी काम देऊ केलंत. विजयाताई तर हर्षाने सांगत आल्या, सासऱ्यांनी जावयासाठी आधीच करून ठेवलंय म्हणून."

मराठी घरात जन्म गेला माझा, विजयाताईंसारख्यांच्या हातून किती लग्नांचे निरोप जाताना बघितले, आणि हे मला सुचलं नव्हतं.

"मंदारने तर स्थळाचं बोलणं निघालं त्याच दिवशी आपल्या साहेबांना सांगितलं होतं," ते पुढे म्हणाले. "मुलीचे वडील समितीवर आहेत, मला भोपाळच्या कामातून काढा म्हणून. म्हणून तो इंदूरला हेलपाटे घालतोय. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्यासमोर त्या कामाचं नावही काढायचं नाही असं ठरवलं होतं आम्ही. मी स्टोअर्समध्ये जन्म काढला. माझ्यावर बोट ठेवायला लोक टपून बसले होते, मी ठेवू दिलं नाही. आता मुलाच्या लग्नात ते ठेवून घेऊ?"

"अहो, मी तुमची परीक्षा घेत होतो!" मी जवळजवळ ओरडलोच. "तुम्ही खरे की खोटे ते बघायला पाठवला मी निरोप!"

काशिनाथराव पहिल्यांदा हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "हो. अंगाशी आल्यावर सगळे असंच काहीतरी सांगतात."

त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. हेच शब्द. मी जिना उतरलो.

गाडीत बसून अशोकला फोन केला. रिपोर्ट तूच लिही, जे टेस्टमध्ये दिसलं ते लिही, मी समितीतून बाजूला होतोय, असं सांगितलं. त्याने कारण विचारलं. "ग्रेवालों के यहाँ बेटी के रिश्ते की बात चली थी," मी म्हणालो. तो नुसतं म्हणाला, "अच्छा." इतके दिवस मी करड्यावर का अडून होतो आणि आज एकदम निळा का म्हणालो, ते त्याला आता समजलं, असं त्याला वाटलं असणार. मी खुलासा करत बसलो नाही. कसा करणार?

मिसरोदला घरी पोहोचलो तेव्हा अबोली आली होती. जेवणाच्या टेबलाशी बसली होती, फोन पालथा ठेवून. मंगला ओट्याशी पाठ करून उभी.

"मंदारचा फोन आला होता," अबोली म्हणाली. "त्याने सगळं सांगितलं. बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"माझं लग्न व्हावं म्हणून तुम्ही ते काम देत होतात का?"

"नाही गं! देवाशपथ नाही! करडा चांगलाच होता, आधीपासून."

"मग निरोप कशाला पाठवलात?"

मी सांगायला लागलो. युक्ती, मासा, गळ, सगळं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. ऑफिसात समोर कंपनीचा माणूस बसला की मी जशी मान थोडी तिरकी करून ऐकतो, तशी ती ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर ती उठली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय, तर तसंच असेल."