आयशाबीचं बंद घर

साहेब, तुमी खोटं लिहिता. अन् लिहिता तेही दुसऱ्याच्या नावानं.

अकोल्यात तुमच्या वीजबिल दुरुस्तीच्या टेबलावर मी लागली त्याला आज अठरा दिवस झाले. अंजनगाव सुर्जीहून आली, मावशीकडे राहते. सहा महिने नीट काम केलं तर पक्की करू, असं तुमीच म्हणालात. काम शिकवलं शेजारच्या टेबलावरच्या नीलमताईनं.

"हे पाह्य, रागिणी. रीडिंग नसलं तं शेरा मारायचा, 'घर बंद'. सरासरी बिल लावायचं. तक्रार आली तं लिहायचं पाहणी झाली, अन् अर्ज बंद."

"पाहणी कोण करते?"

"लय इचारतं वं तू!"

मंगळवारी आयशाबी आल्या. मोटरच्या मशीनवर शिवणकाम करतात. त्यांचा तिसरा हेलपाटा. सात महिन्यांच्या बिलांवर एकच शेरा, घर बंद. अन् हातात, बिल थकलं म्हणून सोमवारी लाईन कापायची नोटीस.

"बेटी, कुलूप कुठी लावू सांग," त्या म्हणाल्या. "माह्या घराले दारच नाही. गोणपाटाचा पडदा हाय. त्याच्यामागं दिवसभर मशीन हाणून राहिली मी. तुमचा माणूस का पडद्याले घाबरते?"

रांग हसली. मी नाही. मला वाटलं, बाई बनवून राहिली. म्हणून जेवणाच्या सुटीत स्वतः गेली. दार खरंच नव्हतं. अन् मीटर तर बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीवर, माझ्या डोळ्यांसमोर. आत जायचं कामच काय? आकड्याचा फोटो काढला. फोटोवर वेळ आहे, सव्वादोन.

परत येऊन अर्ज उघडला, तर तो बंद. "स्थळपाहणी केली. घर बंद. ग्राहकाचे समाधान झाले." वेळ दोन सतरा. खाली नाव माझं!

रुजू होताना माझा पासवर्ड तुमी चिठ्ठीवर लिहून घेतला होता. सोयीसाठी, म्हणालात. मग मी मागचं सगळं पाहिलं. माझ्या नावावर चाळीस पाहण्या. मी खरी केली ती एकच, अन् तीच कुठं लिहिलेली नाही. आता नीलमताईनं चहा विचारला तरी मी तिच्या तोंडाकडे पाहत बसते. हिला माहीत होतं? माझ्याआधी या खुर्चीवर कोण होतं विचारलं, तर उठूनच गेली.

फोटो दाखवायला तुमच्याकडे आली, तर तुमी फोन हातातही घेतला नाही. टाईप केलेला कागद पुढं सरकवला. "नवीन असल्यामुळे माझ्याकडून चूक झाली."

"सही कर. तुले पक्कं व्हायचं हाय ना?"

"अन् आयशाबीची लाईन?"

"तिचं पाहू मंग."

कागद तयारच होता, साहेब. मी यायच्या आधीपासून. चूक सापडायच्या आधी माफीनामा टाईप होते का कुठं?

सही मी केली नाही. हे लिहून आवक-जावकचा शिक्का मारून घेतला, एक प्रत जिल्ह्याच्या कार्यालयात दिली. नोकरी जाईल, समजते मले. पण मंगळवारी दोन सतराला माझ्या नावानं तो अर्ज कोणी बंद केला? सोमवारी लाईन कापायला माणूस निघायच्या आत नाव सांगा. तोंडी नको, लेखी द्या.