उमेदवार काय पुटपुटत होती?

रंजनानं पंखा बंद केला. पंख्याच्या आवाजात विद्यापीठाच्या चौकशी कमिटीला तिचं ऐकू येत नव्हतं म्हणे. लॅपटॉपवर तीन चौकोन, तीन चौकोनांत तीन शहाणे. मधल्या टायवाल्यानं समोरच्या कागदावर बोट ठेवलं.

"मॅडम, ये गुलाब कौन है?"

"कौन गुलाब?"

"और कुणाल देव?"

मग त्यानं तो कागद पडद्यावर लावला. घरून दिलेल्या ऑनलाइन परीक्षेत तिचे ओठ हलले होते. कॅमेऱ्यानं ते टिपलं, माइकनं आवाज पकडला आणि विद्यापीठाच्या यंत्रानं ती पुटपुट हिंदी समजून उतरवून काढली: 'गुलाब वतन टाक. गिल्ली. कुणाल देव नकोस.' खाली लाल अक्षरांत शेरा होता. बाहेरच्या दोन व्यक्तींशी सांकेतिक संभाषण.

रंजनाला आधी हसू आलं, मग ते घशातच आंबलं. कुलूप वाटून टाक, किल्ली कुणाला देऊ नकोस. एवढंच ती बोलली होती, तेही स्वतःशी. नारायणगुड्याच्या मराठी शाळेत वाचायला शिकली तेव्हापासून तिचं असंच. इंग्रजी डोळ्यांतून आत जायचं, पण ओठांवर मराठी झाल्याशिवाय डोक्यात बसायचं नाही.

तिनं समजावून सांगितलं, प्रश्न संगणकावरचे निरोप गुप्त कसे ठेवायचे ह्याचा होता. गुपित पाठवणाऱ्याला मी माझं उघडं कुलूप देते, तो त्यात निरोप बंद करून धाडतो, उघडते मी एकटीच. म्हणून कुलपं गावभर वाटायची आणि किल्ली कमरेला ठेवायची. हेच शिकवायला ह्या लोकांनी आठ आठवडे घेतले होते, आणि आठ आठवड्यांनंतरही टायवाल्याच्या चेहऱ्यावर ते आत्ताच कुठे उजाडत होतं.

निकाल असा लागला की परीक्षा पुन्हा द्यायची. ह्या वेळी मराठी समजणारी एक निरीक्षक हजर राहील.

"और मॅडम, होंट नक्को हिलाओ."

ज्या कंपनीत रंजना अकरा वर्षं फसवणुकीच्या तक्रारी हाताळत होती, तिथं आता पदवी नसलेल्याला खुर्ची नव्हती. जूनअखेर पदवी दाखवा, नाहीतर घरी बसा. पदवीला एवढी एकच परीक्षा उरली होती. खोटी लिंक वासावरून ओळखणारी ही बाई, आणि तिनं शिकवून तयार केलेली पोरं तिच्याकडे पदवी मागणार.

पुतण्या रितेश त्याच परीक्षेत पहिल्या वर्गात आला होता. लॅपटॉपच्या मागे फोन उभा करून. वर त्यानं 'अभ्यास कसा करावा' असा व्हिडिओही टाकला होता. पाठीमागे पुस्तकांचं कपाट, तेसुद्धा मित्राच्या घरचं. पाच हजार लोक तो बघून धन्य झाले होते.

"काकू, कायकू एवढं वाचता?" तो सोफ्यावर लोळत म्हणाला. "टिप ऐका माझी. तोंड बंद ठेवायचं. बस्स."

"तुझं राहतं का रे बंद?"

"परीक्षेत राहतं ना. म्हणून तर पास."

रंजनानं त्याच्या पुढ्यातली चिवड्याची बशी उचलून आत नेली.

रविवारी सकाळी अकराला ती आपल्या नल्लकुंट्याच्या घरात मागच्या खोलीत परीक्षेला बसली. आधी कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवला. कपाट, पलंगाखालची जागा, मग दोन्ही कान. पडद्याच्या कोपऱ्यात निरीक्षक म्हणून एक मुलगी होती, चोवीसेक वर्षांची.

"काकू, मी प्रियदर्शिनी. मराठी वाचता येत नाही मला, पण घरी बोलतो आम्ही. तुम्ही बोला आरामात. मी ऐकते."

रंजना बोलली. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत, अगदी मोठ्यानं. एक प्रश्न पासवर्ड साठवण्याबद्दल होता. साठवण्याआधी प्रत्येक पासवर्डात वेगळी अक्षरं मिसळतात, त्याला इंग्रजीतही मीठच म्हणतात. ती का मिसळतात, असं विचारलं होतं. "दोघींचं पीठ एकच," रंजना पुटपुटली, "म्हणजे भाकरीही एकच. चोरानं एकीची ओळखली की दुसरीचीही गेली. म्हणून जिच्या तिच्या पिठात वेगळं मीठ." तिनं तिसऱ्या पर्यायावर खूण केली आणि पुढे गेली.

दोन तासांनी उत्तरं पाठवून तिनं पाठ टेकवली. कोपऱ्यातली मुलगी गेली नव्हती.

"काकू, ते मिठाचं परत सांगता?"

"परीक्षा संपली ना?"

"हौ, संपली."

रंजनानं परत सांगितलं. मुलगी ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, "मी ह्याच कोर्सची आहे, काकू. फर्स्ट क्लास. हे मला आज समजलं."

"मग पास कशी झालीस?"

"सगळे होतात तशी."

रंजनाच्या जिभेवर चांगलं झणझणीत काही आलं होतं. मुलीनं खाली घातलेली मान पाहून तिनं ते गिळलं.

"आता मला रिपोर्ट भरायचा आहे," मुलगी म्हणाली. "उमेदवार काय पुटपुटत होती, असं विचारलंय. दिलेल्यातलंच एक निवडायचं. कुणाशी बोलत होती, उत्तरं सांगत होती, गाणं, प्रार्थना, इतर."

"विचार करत होती, असं लिही."

"विचाराचं ऑप्शन नाही, काकू."

"मग इतर टाक."

"इतर टाकलं की परत कमिटी बसते. दोन महिने धरून चाला."

बाहेर कुणीतरी नळ सोडला होता. जून संपायला अकरा दिवस उरले होते. रंजनानं ते बोटांवर मोजले नाहीत, ते तिला पाठ होते.

"प्रार्थना टाकू?" मुलीनं विचारलं. "प्रार्थनेला कुणी हात लावत नाही. लगेच पास करतात. एक फोटो जोडावा लागतो फक्त, तसा दिसणारा."

"परीक्षा तर संपली. फोटो आत्ताचा."

"फोटोवर वेळ येत नाही."

"सायबर सुरक्षेचं विद्यापीठ आहे ना हे?"

"हौ."

रंजनानं केस मागे सारले, पदर नीट घेतला. शेवटची प्रार्थना कधी केली होती ते तिला आठवेना. मग तिनं सावकाश हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. शब्द स्पष्ट होते, ठसठशीत होते, आणि सगळे मराठी होते. तिनं टायवाल्यापासून आरंभ केला, मग कमिटीच्या उरलेल्या दोघांना घेतलं, मग ज्यानं तो फॉर्म बनवला त्याच्या सात पिढ्यांना.

कोपऱ्यात प्रियदर्शिनीनं एका हातानं तोंड गच्च दाबून धरलं आणि दुसऱ्यानं फोटो काढला.

"अजून एक मिनिट, काकू," ती कसंबसं म्हणाली. "थांबू नक्का."