इरल्याची ओवी

रंगनाथ गुरुजींना उपमा शिकवायची भारी हौस. राजूरच्या पलीकडच्या वाडीतली शाळा, चौथीत अकरा पोरं. पण गुरुजी शिकवायचे असे, की समोर पुण्याचं कॉलेज बसलंय. 'मुख चंद्रासारखे' असं फळ्यावर लिहिलं की पोरं नुसती बघत राहायची. शेवटी एके दिवशी त्यांनी फर्मावलं, "आई घरी जे गाते, त्यातली एक उपमा उद्या पाटीवर लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी दहा पाट्या कोऱ्या. अकरावी चांगुणाची. अक्षर पुसू नये म्हणून पोरीनं ती घरापासून दोन्ही हातांवर आडवी धरून आणली होती. तिची आई साळूबाई धाकट्या लेकीला जोजवताना एक ओवी म्हणायची, स्वतःच जुळवलेली. तीत लेकीला इरल्याची उपमा होती. भाताच्या लावणीला बाया पावसात पाठीवर पानांचं इरलं घेतात, तेच.

गुरुजी खूश झाले, आणि तिथंच घात झाला.

"ओवी झकास आहे गं. पण लेकीला कुणी इरलं म्हणतं का? तपासणीला साहेब यायचेत, हसतील."

त्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'लेक माझी चंद्रकोर, शोभते गं अंगणात.' चांगुणा महिनाभर ती रोज प्रार्थनेनंतर म्हणत होती. साहेबांनी शाबासकी दिली, ती गुरुजींना. चांगुणानं घरी हे सांगितलं तेव्हा साळूबाई हरखून म्हणाली, "गुरुजींचीच बरी हाय. आता तीच म्हनत जाऊ." आणि त्या भाबड्या बाईनं आपली ओवी खरोखरच टाकून दिली.

भाद्रपदात साळूबाई तापानं गेली. राजूरच्या दवाखान्याकडे निघालेली डोली अर्ध्या वाटेवरून परत आली.

पंधरवड्यानं चांगुणा शाळेत आली. सगळे गेल्यावर कोरी पाटी घेऊन ती गुरुजींच्या टेबलापाशी उभी राहिली.

"गुरुजी, आईची ओवी लिवून द्या."

"तुला पाठ आहे की गं."

"ती तुमची. आईची मला याद येईना. बाला इचारलं, आत्याला इचारलं, कुनालाच येत न्हाई." तिनं पाटी टेबलावर ठेवली. "आईचा फोटू बी न्हाई. बारकीला मोठं झाल्यावर आईचं काय सांगू? तुमी वाचली हुती ना?"

गुरुजींनी डोळे मिटले. इरलं होतं, एवढं पक्कं. पण पुढं? तीनेक ओळी होत्या, मोडक्यातोडक्या. एकदाच नजर फिरवली होती, तीही चूक शोधायला. आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. 'विसरलो' एवढं एकच म्हणायचं होतं, पण पोरीच्या तोंडाकडे बघून ते म्हणवेना.

त्यांनी पेन्सिल उचलली. सगळा जीव ओतून, शब्दाला शब्द तोलून लिहिलं:

'इरलं गं माझी लेक, पाठीवर माया धरी,
पावसाच्या धारांतही ऊब तिची माझ्या उरी.'

"ही घे," ते म्हणाले.

चांगुणानं एकेका शब्दाखाली बोट फिरवत ओवी वाचली. एकदा मनात, एकदा हळू आवाजात. इरल्यापाशी तिचा चेहरा उजळला, मग विझला.

"लई ग्वाड हाय, गुरुजी," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पन ही बी तुमचीच."

त्यांना मान वर करता आली नाही. चांगुणा उंबऱ्यापर्यंत गेली, पायरी उतरली. पाटी तिनं छातीशी कवटाळली होती, आणि चालता चालता अक्षरं पोलक्याला पुसली जात होती.