मोरीतली वाट

मालगाडी फाटकावर येऊन थांबली की लॉनी टॅकेट आता शिव्याही देत नसे. मोटारसायकलच्या हँडलवर हात टेकून नुसता डबे बघत बसायचा. पूर्वी गाड्या एवढ्या लांब नसत. आता रेल्वे कंपनी दोन-तीन गाड्या एकीला एक जोडायची आणि पुढच्या यार्डात जागा नसली की मिलर्स फोर्क गावाच्या मधोमध ती लांबलचक गाडी आणून उभी करायची. कधी अर्धा तास, कधी अख्खी दुपार. गावात फाटकं दोनच, आणि गाडी दोन्ही अडवून बसे. दवाखाना, शाळा, अॅम्ब्युलन्स, सगळं उत्तरेला. लॉनीचं घर, दुकान आणि गावातली निम्मी वस्ती दक्षिणेला.

वाळवंटातल्या लढाईत लॉनीने फौजेत सार्जंट म्हणून इंधनाचे ट्रक चालवले होते. ओहायोत परतल्यावर चार भिंतींत त्याला झोप लागेना, म्हणून त्याने जुनी मोटारसायकल घेतली आणि रस्त्यावर दिवस काढू लागला. तिची फाटकी सीट स्वतःच शिवता शिवता धंदा सापडला. हळूहळू शेजारच्या राज्यांतूनही लोक सीटा शिवून घ्यायला येऊ लागले. त्याच गिऱ्हाइकांतून माजी सैनिकांचं एक टोळकं जमलं. थंडीच्या आधी शाळेतल्या मुलांना कोट वाटायचे, कुणाचं छप्पर गळत असेल तर दुरुस्त करून द्यायचं, अशी त्यांची कामं. लॉनीने हात घातला की काम होतं, असं गावात म्हणत. लॉनीलाही ते खरं वाटायचं.

मग शेजारचा अर्ल रॅटलिफ गेला. भर दुपारी, अंगणात, छातीत कळ येऊन. लॉनी त्याची छाती दाबत होता आणि दोन डब्यांच्या फटीतून पलीकडे अडकलेल्या अॅम्ब्युलन्सचा लाल दिवा फिरताना त्याला दिसत होता. तिच्यातली माणसं डब्यांखालून रांगत येईपर्यंत अर्ल गार पडला होता.

अंत्यविधी उरकल्यावर लॉनी महापौर जीन प्रुइटकडे गेला. दोघं शाळेत एका वर्गातले.

"रेल्वेपुढे गावाचं काही चालत नाही, लॉनी," जीन म्हणाला. "राज्याकडे जा."

राज्याच्या कचेरीने सांगितलं, हा केंद्राचा विषय. केंद्राच्या कचेरीत फोनवर एका बाईने सगळं शांतपणे लिहून घेतलं.

"मग आता गाडी हलणार का?" लॉनीने विचारलं.

"तुमच्या तक्रारीची नोंद झाली आहे, सर."

"ते कळलं. गाडीचं काय?"

"नोंद झाली आहे, सर."

शेवटी राजधानीतल्या एका समितीने वेळ दिली. पहाटेच मोटारसायकलींचा ताफा निघाला. अर्लची बायको ओपल ही ड्यूई स्लोनच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. ड्यूई त्या टोळक्यात सगळ्यांत म्हातारा, व्हिएतनामला जाऊन आलेला. समितीने त्यांना सगळ्यांच्या शेवटी बोलावलं. ओपलने नवऱ्याचं नाव सांगितलं तोवर वेळ संपली. अध्यक्षांनी सैनिकांच्या देशसेवेबद्दल आभार मानले आणि सगळे जेवायला उठले.

बाहेर पायऱ्यांवर ड्यूई म्हणाला, "सार्जंट, एवढे आभार मी तिकडून परत आलो तेव्हा मिळाले असते ना, तर जपून ठेवले असते."

"चेष्टा नको, ड्यूई."

"चेष्टा कुठे करतोय? पाय दुखतायत माझे."

लॉनीला वाट सुचवली ती त्याच्या बायकोने, ट्वायलाने. रुळांखाली पावसाचं पाणी जायला एक मोरी होती.

"तो नाला एरवी कोरडाच असतो ना?" भांडी विसळता विसळता ती म्हणाली. "मोटार नाही जायची, पण तुझी मोटारसायकल जाईल."

गेली, फक्त लॉनीला मान खाली घालावी लागली. त्या उन्हाळ्यात गाडी थांबली की लॉनी मोरीतून पलीकडे जाई आणि निवृत्त नर्स कोरीनबाईंना मागे बसवून आणी. त्यांच्या मांडीवर औषधांची पिशवी असे आणि तोंडाने बडबड चालू असे. "अरे हळू, माझी कंबर फौजेची नाही." मधमाशी चावून गळा सुजलेली एक पोर त्यांनी वाचवली. म्हाताऱ्यांना इन्सुलिन पोचू लागलं. बऱ्याच दिवसांनी लॉनी जेवताना काहीबाही बोलू लागला.

वर्तमानपत्रात लॉनी आणि कोरीनबाईंचा फोटो आला. आजवर ज्या कंपनीचा माणूस गावात फिरकला नव्हता, तिची माणसं त्याच आठवड्यात आली आणि मोरीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी जाळी ठोकून गेली. धोक्याची पाटीही लावली.

लॉनी तडक महापौरांच्या खोलीत गेला. "आता जाळी कुणाचा विषय आहे, जीन?"

"जमीन त्यांची आहे. सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणतात."

"तुझी मुलगी दक्षिणेला राहते."

जीनने चष्मा काढून डोळे चोळले. "मी काय करू ते तू सांग. खरंच सांग, लगेच करतो."

जीनशी भांडता आलं असतं तर बरं झालं असतं, असं लॉनीला वाटलं.

घरी येऊन त्याने लोखंड कापायचं यंत्र बॅगेत भरलं. ट्वायला दारात आडवी उभी राहिली.

"जाळी कापलीस तर ते तुला आत टाकतील, आणि नवी बसवतील."

"मग मी करू तरी काय?"

"मला माहीत नाही. पण तुझ्या दुकानाच्या मागच्या दारातून ट्रक आत येतो, म्हणजे अॅम्ब्युलन्सही येईल."

त्याने बॅग खाली ठेवली.

अग्निशमन दलाकडे एक जुनी अॅम्ब्युलन्स धूळ खात पडली होती. ती दक्षिणेला ठेवायला लॉनीला कुणाकडे जागा मागायची नव्हती, स्वतःचीच द्यायची होती. तरी विमा, परवानगी, बैठका यांत अख्खा हिवाळा गेला आणि प्रत्येक सहीला लॉनीचं डोकं फिरलं. निम्मं दुकान रिकामं झालं. शिलाई मशीन बैठकीच्या खोलीत आलं आणि ट्वायलाच्या गालिच्यावर चामड्याचे तुकडे पडू लागले. कित्येक गिऱ्हाइकं वाट बघून दुसरीकडे गेली. अॅम्ब्युलन्स आली तरी इस्पितळाला जायचं तर शेजारच्या तालुक्यावरून वळसा होताच. गाड्या होत्या तशाच थांबत होत्या.

पहिल्या रविवारी ओपल बघायला आली. तिने अॅम्ब्युलन्सच्या दारावरून हात फिरवला.

"अर्लच्या वेळी हवी होती," ती म्हणाली.

"हो," लॉनी म्हणाला.

"छाती कशी दाबायची ते कोरीनबाई मला शिकवतील का?"

कोरीनबाईंनी सरावाची रबरी बाहुली काढून जमिनीवर ठेवली. ओपल गुडघ्यांवर बसली आणि तिने त्या सांगतील तसे हात ठेवले. "जोरात," कोरीनबाई म्हणाल्या, "आणखी जोरात, त्याला दुखेल याची काळजी करू नका." लॉनीला ते बघवेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला.