खिळा, नग एक

डेपोत बाईमाणसाचा फार मान राखतात. आठ मार्चला केक येतो, डेपोप्रमुख कर्नल संजीव तो स्वतः कापतात, आणि पहिला तुकडा कॅप्टन अवनी रणनवरेच्या हातात देऊन म्हणतात, "आमच्या मुली म्हणजे या डेपोची शान!" त्या लष्करी डेपोत अधिकारी मुलगी एकटी अवनीच, पण भाषणात अनेकवचन शोभून दिसतं. चेन्नईजवळच्या एन्नोरच्या हवेतली वीजकेंद्राची राख केकवर बसायच्या आत तो संपवायचा असतो, म्हणून भाषण आटोपशीर होतं एवढंच.

याच डेपोत मधुसूदन वझरकर दुरुस्ती विभागाचे स्टोअरकीपर होते. मूळचे मिरजेचे, चौतीस वर्षांची नोकरी, त्यातली अकरा चेन्नईत, आणि एप्रिलमध्ये निवृत्ती. त्यांची ख्याती एकच: मागणीपत्राशिवाय हा माणूस स्वतःच्या बापालाही स्क्रू देणार नाही. लोक हसत. मधुसूदनरावांना तो गौरव वाटे.

बुधवारी दुपारी अवनी महिला विश्रामकक्षात गेली. कक्षाच्या दारावर तीन भाषांत सोनेरी पाटी होती. आतून कडी मात्र नव्हती. पाठोपाठ कर्नल संजीव आत गेले. पाच मिनिटांनी अवनी बाहेर आली तेव्हा तिचा शर्ट खांद्यापासून खाली फाटलेला होता, आणि कर्नलसाहेबांच्या मनगटावर दातांचे वण होते. संध्याकाळी तिने लेखी तक्रार दिली. डेपोच्या मते, त्या दिवशी घडलेली वाईट गोष्ट ती हीच.

लगेच शहाणपणाला पूर आला. "एकटी कशाला गेली आत?" असं एकजण म्हणाला. महिला विश्रामकक्षात घोळक्यानं जायचं असतं, हे बिचारीला कोणी सांगितलं नसावं. "कर्नलसाहेब मोकळ्या स्वभावाचे आहेत हो," असं अधिकाऱ्यांच्या बायका म्हणाल्या. ॲडज्युटंट मेजर शार्दूल, म्हणजे साहेबांचा उजवा हात, सगळ्यांना सांगत सुटले, "आपण एक कुटुंब आहोत." चौकशी सोमवारी ठरली. तोवर साहेबांना पदावरून हलवणं अन्यायाचं झालं असतं, म्हणून त्यांचे सगळे अधिकार त्यांच्याकडेच राहिले. अवनीला मात्र तिच्याच भल्यासाठी रजेवर बसवलं.

मधुसूदनरावांना वाईट वाटलं. पोरगी त्यांना काका म्हणायची, रविवारी त्यांच्याकडे थालीपीठ खायला यायची. पण आपण बरं नि आपलं काम बरं, असं म्हणून ते गप्प बसले. वाईट वाटायला कुणाची मंजुरी लागत नाही, म्हणून तेवढं मात्र त्यांनी वाटून घेतलं.

शुक्रवारी सकाळी मेजर शार्दूल स्वतः स्टोअरमध्ये आले.

"वझरकर, एक मोठा खिळा द्या. आत्ता."

"मागणीपत्र, साहेब?"

"अहो, एक खिळा!"

"मग 'नग एक' लिहा."

मेजर दातओठ खात टेबलाशी बसले. स्वतःच्या हातानं लिहिलं: खिळा, नग एक. ठिकाण: महिला विश्रामकक्ष, दाराची चौकट, आतून, जमिनीपासून चार फूट. कारण: कॅलेंडर लावणे. खाली सही, तारीख, वेळसुद्धा. मंजुरीसाठी कागद कर्नलसाहेबांकडे गेला आणि दहा मिनिटांत परत आला. मनगटाला पट्टी असल्यामुळे सही जरा वाकडी आली होती.

खिळा ठोकायला सुतार चंद्रमौळी गेला. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तंजावरला आलेले, त्यामुळे त्याची मराठी त्या काळातलीच, वर तमिळचा तडका. परत येऊन तो म्हणाला, "अय्यो सार, चार फुटावर कॅलेंडर कोण लावतो? तारीख पाहायाला ओणवं होणा!"

"तुला काय करायचंय? कागदावर आहे ना?" मधुसूदनराव म्हणाले. त्यांनी रजिस्टरात नोंद केली आणि पान कोरडं होईतो फुंकर मारली.

शनिवारी मेजर पुन्हा आले. या वेळी त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाजात मध घातला. कर्नलसाहेबांचा जबाब तयार झाला होता. मॅडमचा शर्ट चौकटीच्या खिळ्याला अडकला, साहेब तो सोडवायला गेले, मॅडम घाबरून चावल्या. आता फक्त खिळ्याची तारीख तेवढी पुढेमागे होत होती.

"मागणीपत्र महिनाभर आधीचं करून देतो. तुम्ही रजिस्टर नवं लिहून काढा. एप्रिलमध्ये सुटताय ना? पेन्शनचे कागद इथूनच जातात, वझरकर. अडकायला नकोत."

"आणि कॅप्टन मॅडम?"

"तक्रार खोटी ठरली की त्यांच्यावरच कारवाई. तो वेगळा विभाग."

चौतीस वर्षांत मधुसूदनरावांनी एक आकडाही खोडला नव्हता. तो प्रामाणिकपणा खरा, की आजवर कोणी खोडायला सांगितलंच नव्हतं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

रविवारी अवनी त्यांच्या क्वार्टरवर आली. बायको सरोजिनीबाईंनी थालीपीठ पुढं ठेवलं. तिनं घास मोडला, पण तोंडात घातला नाही.

"काका, त्या दाराला खिळा होता का हो?"

"रेकॉर्ड पाहावं लागेल," मधुसूदनराव तिच्या ताटाकडे बघत म्हणाले.

"पाहाच. त्यातच कडीसाठीचे माझे तीन अर्जही असतील."

ती निघून गेली. सरोजिनीबाईंनी नवऱ्याचं ताट वाढलंच नाही. मधुसूदनराव तसेच उठले आणि सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडून बसले.

अर्ज सापडायला दोन मिनिटं लागली. त्यांच्या फायली तशा लावलेल्या असत. पहिला अर्ज: विश्रामकक्षाला आतून कडी बसवावी. खाली त्यांचाच सुबक शेरा: "ठरलेल्या यादीत बसत नाही." दुसरा अर्ज दोन महिन्यांनी. शेरा: "कारण नमूद नाही." तिसऱ्यात तिनं कारण नमूद केलं होतं: मी आत असताना दार उघडलं जातं. त्याखाली हिरव्या शाईत, रेघेला जराही न सोडता, मधुसूदनरावांनी लिहिलं होतं: "कोण उघडते ते स्पष्ट करावे." चौथा अर्ज आला नव्हता.

ओशाळून त्यांनी तिन्ही अर्ज एका फायलीत लावले. खिळ्याला दहा मिनिटांत मंजुरी मिळाली होती. कडीला वर्ष उलटलं होतं, आणि अडवणारे हात त्यांचेच होते.

सोमवारी चौकशीला बाहेरून ब्रिगेडियर आले. मेजर शार्दूल निर्धास्त होते; पेन्शनवाला माणूस काय बोलणार? मधुसूदनराव काखेत जुनंच रजिस्टर घेऊन उभे राहिले.

"हा खिळा चौकटीवर कधीपासून आहे?" ब्रिगेडियरांनी विचारलं.

"शुक्रवारपासून, सर. सकाळी सव्वादहा."

"तक्रार बुधवारची आहे."

"होय, सर. मागणीपत्र मेजरसाहेबांच्या हातचं आहे. मंजुरी कर्नलसाहेबांची."

मेजरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन दिवस ज्या शिपायानं अवनीकडं पाहून मान फिरवली होती, तो आता छताच्या पंख्याकडे बघत होता. ब्रिगेडियरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. इथं थांबले असते तर मधुसूदनराव डेपोचे हरिश्चंद्र ठरले असते. पण त्यांनी दुसरी फाईल टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"कडीचे अर्ज, सर. तीन."

ब्रिगेडियरांनी शेवटचा शेरा दोनदा वाचला. "हे कोणी लिहिलं?"

"मी," मधुसूदनराव म्हणाले. "माझ्यावर जी काय कारवाई असेल ती व्हावी."

बाहेर व्हरांड्यात अवनी एकटी उभी होती. जबाबांना ती आत हजर होती, तिनं सगळं ऐकलं होतं. समोरच्या भिंतीवर नारीसन्मानाचं नवं पोस्टर लागलं होतं. शनिवारीच आलं होतं ते.

मधुसूदनराव तिच्याजवळ गेले. आता ती काका म्हणेल, निदान मान हलवेल, असं त्यांना कुठंतरी वाटत होतं. ती पोस्टरकडेच बघत राहिली, तेव्हा तेच म्हणाले, "अवनी, चुकलो मी. पण तिसऱ्या अर्जाला तू उत्तर का दिलं नाहीस? नाव लिहिलं असतंस तर..."

अवनीनं त्यांच्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं.

"अर्जाला मंजुरी कोणाची लागते, काका?"

"कर्नलसाहेबांची."

"मग मी त्यांचं नाव लिहिलं असतं, तर तुम्ही तो कागद कोणाकडे पाठवला असता?"

उत्तर मधुसूदनरावांना पाठ होतं. तो कागद त्यांनी कर्नल संजीवकडेच पाठवला असता, नियमाप्रमाणे, नोंद करून, आणि त्याच दिवशी. कागद टेबलावर पडू द्यायची त्यांना सवयच नव्हती.