पाठीमागचा श्वास

यंदा तळ्याच्या मोजणीत मासे मोजणाऱ्या अब्दियासच्या तुंब्यात एकवीसच बिया पडल्या. गेल्या साली बासष्ट होत्या. पिरारुकू हा माणसाहून लांब मासा, पण श्वासाला वर यावंच लागतं. तो फुसकन श्वास टाकतो, मोजणारा एक बी टाकतो. मासे इतके कमी भरले, तर मासेमारीचा परवाना मिळणार नव्हता आणि तळ्यावर राहणाऱ्या पाऊमारी जमातीची तरंगती घरं वर्षभर हात चोळत बसणार होती.

"चोर आहे तळ्यावर," अब्दियास म्हणाला.

कोण, हेही त्याच्या मुलीने, झुलमिराने, ठरवून टाकलं होतं. निवाल्दो! तळ्याच्या तोंडाशी राहणारा, पहाऱ्याची पाळी कधी न चुकवणारा. एवढा उत्साह माणसाला उगाच येतो होय? पीठ मागायच्या निमित्ताने ती त्याच्याकडे डोकावली. त्याची बायको पिरारुकूच्या तळहाताएवढ्या खवल्याने नखं घासत बसली होती.

"नवं दिसतंय खवलं."

"दोन वर्षांचं आहे गं बाई. वास घेऊन बघतेस?"

झुलमिराच्या अंगाचा तिळपापड झाला. बैठकीत तिने निवाल्दोला तोंडावर चोर म्हटलं. तो चिडला नाही, तेव्हा तर तिची खात्रीच पटली.

"उद्या परत मोजू," तो म्हणाला. "अब्दियासकाकांच्या होडीत मी बसतो, तूही बस. तिघांचे तीन तुंबे."

"काय म्हणतोय हा?" अब्दियास करवादला. "हल्ली सगळे नुसते पुटपुटतात!"

सकाळी झुलमिराची नजर निवाल्दोच्या बोटांवर होती. एक बी जास्त टाकू दे, लगेच हात धरते! पहिला मासा समोर आला. तीन बिया पडल्या. दुसरा अब्दियासच्या पाठीमागे, चार हातांवर फुसफुसला. दोनच पडल्या.

बापाला डुलकी लागली की काय? छे, त्याचे डोळे टक्क उघडे होते, समोरच्या पाण्यावर. पुन्हा मागे श्वास. पुन्हा दोनच. आवाजावरून मासा केवढा ते सांगणारा तिचा बाप शांत बसून होता. निवाल्दोने तिच्याकडे बघायचं टाळलं. याला आधीच कळलं होतं? कधीपासून गप्प आहे हा? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काठावर सगळी वस्ती जमली होती.

"एकोणीस!" अब्दियास गरजला. "बघा, रात्रीत आणखी दोन गेले!"

निवाल्दोने आपल्या तुंब्यावर हात ठेवला. "आधी झुलमिरा सांगेल."

एकोणीस म्हटलं असतं तर बापाची अब्रू राहत होती, चोर निवाल्दोच ठरत होता, आणि वस्तीचं वर्ष बुडत होतं.

"अठ्ठावन्न," ती खाली मान घालून म्हणाली.

"काय? किती?" अब्दियास पुढे वाकला.

तिला मान वर करावी लागली. ओठ त्याला नीट दिसतील असं वळून, सगळ्यांसमोर, तिने ते पुन्हा ओरडून सांगितलं.