इंजिनाचा निवद

"बैल लंगडला तर बैलांच्या बाजारात बदलून आणता येतोय. ह्या इंजिनाला कुठल्या बाजारात न्यायचं?" लक्ष्मण म्हणाला, आणि भांडणाला तिथनंच तोंड फुटलं.

अप्पाजी थोरला, लक्ष्मण धाकटा. अळणावराजवळच्या त्या गावात भाताची गिरण दोघांची मिळून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन चालू केलं, तर ते आधी खरखरलं, मग खोकलं, आणि गिरणभर निळा धूर सोडून गप झालं. इकडं हळवं भात कापून खळ्यावर आलेलं. गिरण बंद राहिली तर गाव पोती घेऊन अळणावरच्या गिरणीला जाणार, आणि लोकांना एकदा दुसरी वाट सापडली की जुन्या वाटेवर गवत उगवतं. इंजिन तरी कुठं नवं होतं? जुनंच आणलेलं, पण वर्षभर बिचाऱ्यानं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

दोघांनी दट्ट्या ओढून काढला. शिलिंडरच्या आतल्या भिंतीला लांबच्या लांब ओरखडे पडले होते, नख अडकावं इतके खोल. आणि हवा ओढायच्या भोंग्यात काय, तर घटातलं धान. पिवळे कोंब, मुळं, मुळांना घटातली माती.

काय झालं ते दोघांनाही त्याच वेळी कळलं. खंडेनवमीला हत्यारं धुवायची, पुजायची आणि घटातले कोंब नांगराला, कोयत्याला, बैलाच्या शिंगाला लावायचे, ही रीत. इंजिनाचा हा पहिलाच दसरा. आईनं, हिराबाईनं, बघितलं की नांगराला तोंड नाही, ह्याला आहे. मग तोंड असणाऱ्याला निवद वरवर कशाला दाखवायचा? तिनं मूठभर धान आत सारलं. भोंग्यावर धूळ अडवायला जाळी होती. ती तिनं राखेनं घासून, धुऊन कोनाड्यात सुकत ठेवली होती.

"आईला सांग," लक्ष्मण म्हणाला.

"तू सांग."

"मी धाकटा हाय."

सगळी हयात हिराबाईनं दुसऱ्यांची भातं कांडली होती. हातात मुसळ नसलं तरी तिची बोटं मिटलेलीच राहायची. इंजिन पहिल्यांदा चाललं त्या दिवशी ती त्याच्या गरम लोखंडावर हात ठेवून रडली होती. आपल्याच हातानं ते मोडलं हे तिला कळलं तर ती जेवायची नाही, हे अप्पाजीला ठाऊक होतं. आणि ती जेवली नाही तर घास त्याच्याही घशाखाली उतरणार नव्हता.

"उंदीर शिरला म्हणायचं," तो म्हणाला.

"म्हण. पर परवा इंजिन चालू पायजे."

लक्ष्मण गिरणीवर थांबला. अप्पाजीनं शिलिंडरचं धूड बैलगाडीत घातलं; अळणावर स्टेशन, तिथनं रेल्वेनं हुबळी. हिराबाई आधीच गाडीत येऊन बसली होती. आजारी माणसाला एकटं धाडत्यात व्हय, म्हणाली. तिला उतरवायची कुणाची छाती?

केशवापूरच्या बाजूला पद्मनाभचा कारखाना होता. माणूस शिकलेला, बोलायला सरळ. त्यानं भिंतीवरून बोट फिरवलं.

"दोन उपाय आहेत. एक, भिंत कातून गुळगुळीत करतो, जरा मोठा दट्ट्या घालतो. माझ्याकडे आहे. उद्या संध्याकाळी घेऊन जा. पण हे आधी एकदा कातलेलं आहे. आता कातलं की पुन्हा कातायला भिंत उरणार नाही. परत ओरखडे पडले तर धूड मोडीत. दुसरा, आत बिडाची नळी बसवायची. नळी खराब झाली तर ती काढून नवी घालता येते, धूड शाबूत राहतं. पण नळी ओतून घ्यायला पंधरवडा जाईल. कुठला करू?"

"तुम्हीच सांगा की."

"ते, हे झालं कशानं त्यावर आहे. पुन्हा होणार नसेल तर कातू. होणार असेल तर नळी."

"उंदीर शिरलावता," अप्पाजी खाली बघत म्हणाला.

पद्मनाभनं हवेच्या भोकात चिमटा घातला आणि मातीसकट एक मूळ ओढून काढलं.

"तुमच्याकडं उंदीर शेती करतात काय?"

तिकडं लक्ष्मण गिरणीच्या दारात उभा असणार, पोती अळणावरच्या वाटेला लागलेली असणार. पण आई मागंच बसलेली.

"नळीच घाला," तो म्हणाला. "उंदरांचं काय सांगावं?"

"जरा दाव बगू ते," हिराबाई म्हणाली. तिनं मूळ हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "माज्या घटातलं हाय."

तिनं ते मूळ मुठीत मिटलं.

"म्हंजे मी मोडलं. आन् तू उंदराचं नाव सांगतोस व्हय रं मुडद्या?" तिनं मूठ त्याच्यापुढं उघडली. "मला लई वाईट वाटूलालंय, आप्पा. मोडल्याचं न्हाई इतकं, चोरून ठेवल्याचं."

"आये, तू जेवायची न्हाईस म्हणून..."

"जेवीन की. न जेवायला काय झालंय?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि पद्मनाभला म्हणाली, "कातून टाक, बाबा. माज्यापायी गावच्या बायकांनी पंधरवडाभर मुसळ धरायचं? नगो. उद्याच दे."

अप्पाजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता उद्या संध्याकाळची गाडी, परवा गिरण. आईला कळलं होतं, आणि आई जेवणारही होती. माणसाला आणखी काय पाहिजे?

पद्मनाभनं कातायचं हत्यार काढलं. माणूस चोख, म्हणून एकदा विचारून घेतलं. "अव्वा, पुढच्या दसऱ्याला घालणार नाही ना?"

"माती? छ्या. आता कळलंय की मला." हिराबाई समाधानानं म्हणाली. "मुळं धुऊन घालीन."

पद्मनाभनं अप्पाजीकडं बघितलं. अप्पाजीनं शिलिंडरच्या भिंतीवरून एकदा नख फिरवलं.

"नळी घाला, राव," तो म्हणाला. "आन् वतायचीच हाय, तर दोन वता."